खेकडे धरायला नेलेला दवाखाना

आधी कपातला चहा संपवा, मग ऐका. मागच्या खेपेला मी हे सांगत होतो तेव्हा आमच्या गावच्या ग्रामसेवकाच्या नाकातून चहा आला होता. आणि शर्ट पांढरा होता बिचाऱ्याचा.

तसा मी चुका करण्यात कधी मागे राहिलो नाही. पण धडधाकट चालत गेलेला माणूस बाजेवर घालून, चौघांच्या खांद्यावरून परत आणायचा पराक्रम मी एकदाच केलाय. आणि तो माणूस कोण? शेजारी? गडी? छे! सख्ख्या बहिणीचा नवरा. जावई!

माझं धाड गावात कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. आता कृषी केंद्र म्हणजे काय हो? दवाखानाच तो! सकाळी शटर वर केलं की पेशंट हजर. कोणी कपाशीचं पान खिशात घालून आणतो, कोणी मिरचीचं झाड मुळासकट उपटून आणतो. "सुधाभाऊ, पाहा बरं, काय झालं याले?" मी पान उजेडाकडे धरतो, उलटं करतो, दोनदा 'हं' म्हणतो आणि मागच्या फळीवरून बाटली काढून देतो. झाड वाचलं तर माझ्यामुळे, वाळलं तर पावसामुळे. पंधरा वर्षं असं चाललं की माणसाला काय वाटायला लागणार? मला वाटायला लागलं, आपण डॉक्टरच आहोत. फक्त आपले पेशंट बोलत नाहीत, एवढाच फरक.

तर पोळ्याला माझी धाकटी बहीण वर्षा आणि आमचे जावईबापू मंदारराव पुण्याहून आले होते. मंदारराव कॉम्प्युटरमध्ये आहेत. स्वभाव सोन्यासारखा, अंगकाठी उदबत्तीसारखी. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. घरातून गोठ्यापर्यंत जाऊन आले तरी घड्याळ बघून खूश व्हायचे.

पोळ्याच्या संध्याकाळी बैलं मिरवून झाली आणि माझा दोस्त रमेश ओट्यावर टेकला. फुलकोबीवाला रमेश. म्हणाला, "उद्या कर हाय बे. मामा डोंगरात खेकडं धराले चालले. येतू काय?"

आता बाहेरच्यांना सांगतो. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. श्रावणभर वरण-भात खाऊन माणसं इतकी सोज्वळ झालेली असतात, की करीच्या दिवशी अख्खं वऱ्हाड तिखट रश्श्यासाठी नुसतं पेटलेलं असतं.

मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "शिकार? मी येणार!" मंदारराव दारात उभे. डोळ्यांत नुसती चमक.

पाच मिनिटांत वर्षानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "दादा, त्यांनी आजवर फक्त मॉलमधले खेकडे पाहिलेत. काचेच्या पलीकडचे. पण आता ते ऐकायचे नाहीत. त्यांना काही झालं ना, तर माझ्या सासूबाईंना फोन तू करायचा."

झालं! मंदाररावांच्या आईंना एकदाच भेटलोय मी, लग्नात. जेवणाच्या पंगतीत त्यांनी "पापड जरा मऊ आहे" एवढंच म्हटलं होतं, तर आचारी सामान सोडून पळाला होता.

म्हणून मी मोबाईल काढला. डोंगरात शिकारीला जाताना औषधं काय न्यावीत, असं शोधलं. एक दाढीवाला गोरा सापडला. मागे बर्फाचा डोंगर, खांद्याला बंदूक, आणि जनावर कोणतं मारायला चाललेला? म्हशीएवढं हरीण, डोक्यावर बाभळीएवढी शिंगं! दवाखाना म्हणे तीन दिवसांच्या वाटेवर. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळलं. उरलेलं निम्मं मी माझ्या मनानं समजून घेतलं. सगळा घोळ त्या दुसऱ्या निम्म्यात झाला.

त्याच्याकडून मी तीन गोष्टी शिकलो. एक, वाईटात वाईट काय होईल त्याची तयारी ठेवा. दोन, गोळ्या पाकिटातून काढून सुट्या न्या, ओझं कमी होतं. तीन, वेळ आली तर आवळून बांधा. ही तिसरी गोष्ट तो कुऱ्हाडीनं फाटलेल्या मांडीबद्दल सांगत होता, हे मला पुढं फार उशिरा कळलं.

मी कामाला लागलो. घरातला औषधांचा डबा रिकामा केला, मेडिकलवाल्याला सण असून दुकान उघडायला लावलं. कापसाचे गुंडाळे, पट्ट्या, मोडलेल्या हाडाला बांधायच्या बांबूच्या कामट्या, भाजल्यावरचं मलम, गरम पाण्याची रबरी पिशवी, चादर. गोळ्या पाकिटातून सोडवून बियाण्याच्या नमुन्याच्या छोट्या पिशव्यांत भरल्या आणि वर पेनानं खुणा केल्या. 'दु' म्हणजे दुखणं. 'ता' म्हणजे ताप. 'जु'. 'ॲ'.

बायको, मंगल, शेजारी भाजी निवडत बसलेली. तिनं एक पिशवी उचलली. "अहो, हे 'जु' म्हणजे जुलाब थांबायची गोळी की जुलाब व्हायची?"

"प्रसंग आला की कळतं ते," मी म्हणालो.

"कोणाला कळतं? देणाऱ्याला की घेणाऱ्याला?"

बायकांना शास्त्रातलं काही कळत नाही, असा चेहरा करून मी पिशवी परत घेतली.

सकाळी सामान पाठीवर घेतलं तर ते फवारणीच्या भरलेल्या पंपाएवढं जड! रमेशचे मामा, शालिकमामा, आमच्या आधीच जीपपाशी उभे. वय सत्तरच्या पुढं. सामान काय? एक काठी, एक कापडी पिशवी आणि तंबाखूची डबी. माझ्या पाठीकडे पाहून म्हणाले, "याच्यात काय हाय?"

"औषधं हायेत, मामा."

"कोन बिमार हाय?"

"कोनीच नाही."

"मंग?"

"होईल."

मामांनी माझ्याकडे, मग मंदाररावांकडे पाहिलं आणि तंबाखूची चिमूट जरा मोठी घेतली.

जीपनं डोंगराच्या पायथ्याच्या शेवटच्या गावापर्यंत नेलं. तिथून ओढ्याकाठानं दीड-दोन तास चाल. मोबाईलची रेंज पहिल्याच वळणाला गेली. मी दर दहा मिनिटांनी विचारायचो, "मंदारराव, दम लागला? चक्कर? पाय वळला?" ते म्हणायचे, "नाही हो दादा, मस्त वाटतंय." खरं सांगू? मला थोडं वाईटच वाटत होतं. एवढा दवाखाना पाठीवर आणि एक साधा काटा मोडेना कोणाला!

ओढ्यावर पोचल्यावर मामांनी मंदाररावांना धडे दिले. "हे पाहा जवाईबापू. बिळ वल्लं असन, तोंडाशी ताजी माती असन, तं थे खेकडं. हात वरतून घालाचा, पाठीवर दाबाचं, नांग्या टायाच्या. आन बिळ कोरडं असन, गुळगुळीत, तं तिथं हात नोका घालू. तिथं दुसरं कोनी राह्यते."

"दुसरं कोण?"

"लांब असते थे," मामा म्हणाले. सापाचं नाव रानात घेत नाहीत आमच्याकडे.

मंदाररावांनी तासाभरात तीन खेकडे धरले. स्वतः! लहान पोराला बक्षीस मिळाल्यासारखे नाचत होते. मामा आणि रमेश वळणापलीकडे वर सरकले. खाली आम्ही दोघंच. पाऊस भुरभुरत होता. मी काठावर माझ्या औषधांच्या ओझ्यापाशी बसून होतो, फायर ब्रिगेडसारखा.

आणि एकदम, "आई गं!"

मंदाररावांचा हात बिळातून बाहेर. बोटातून टिपूसभर रक्त. मी काठावरून उडीच मारली.

"काही नाही दादा, खेकडा चावला," ते हसत हसत म्हणाले.

मी बोट धरलं. उजेडाकडे केलं. उलटं केलं. 'हं' म्हटलं. आणि पाहतो तर काय? दोन खुणा! बरोब्बर दोन!

"बिळ वल्लं होतं की कोरडं?"

"ओलंच असावं."

"असावं म्हणजे? पाह्यलं काय तुम्ही? आत काय होतं ते दिसलं?"

"दिसलं नाही, पण खेकडाच—"

"बोलू नका! बोलल्यानं विष डोक्यात चढते!"

हे कुठं ऐकलं होतं मी? कुठंच नाही. त्याच क्षणी तयार केलं. बोलणाऱ्या पेशंटची सवय नाही हो मला. कपाशीचं पान कधी म्हणालं का, "भाऊ, मला काही झालेलं नाही"?

मी खिशातून सुतळी काढली. खताच्या पोत्याची, दुकानदाराच्या खिशात असतेच. बोटाच्या मुळाशी चार वेढे, आणि वर पोत्याला मारतो तीच गाठ. ती गाठ सुटत नसते, कापावी लागते. त्यावर पंजाभर पट्टी गुंडाळली. फक्त बोटाचं टोक बाहेर ठेवलं, प्रगती बघायला.

मग मंदाररावांना खडकावर आडवं केलं. पाय वर, डोकं खाली. 'ॲ' पिशवी काढली. ॲलर्जीची गोळी विषावर थोडं तरी काम करेल, असा माझा अंदाज. एकीनं काय होणार म्हणून दोन दिल्या. पिकालाही मी नेहमी चमचाभर जास्तच सांगतो.

"दादा, बोट बधिर व्हायला लागलंय."

"लागलं ना? मी म्हटलंच होतं!"

"दुखतंय पण खूप."

"दुखणारच. विष हाय ते!"

आणि बोटाचं टोक माझ्या डोळ्यांदेखत जांभळं झालं. मग निळं. आतापर्यंत शंका होती, आता पुरावाच दिसला! "मामा!" मी असा ओरडलो, की समोरच्या टेकडीवरून बगळे उडाले.

मामा आणि रमेश धावत आले. मामांनी वाकून पाहिलं. "अबे, खेकडंच असन थे. काऊन एवढा बोंबलून राह्यला?"

"मामा, बोट पाहा!"

मामांनी बोट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सत्तर वर्षांत हजारो खेकड्यांनी चावलेला माणूस तो. हळूच म्हणाले, "खेकडं चावल्यानं बोट निळं नाही होत बा."

बघा आता! माझ्या सुतळीनं मामांना फसवलं, आणि मामांच्या शब्दानं मी स्वतः पुरता फसलो. आता तर तज्ज्ञच म्हणत होते!

रमेशनं मंदाररावांना पाठुंगळी घेतलं आणि निघालो. माझ्या पाठीवर दवाखाना होताच. तो टाकावा, हे सुचायलाही डोकं जागेवर लागतं. वाटेतल्या शेतात दोघं भाऊ तण निंदत होते. त्यांनी झोपडीतली बाज दिली, खांदाही दिला. बाजेवर टाकल्यावर मंदारराव पुटपुटले, "दादा... खेकडा होता तो..."

"भ्रम झाला त्याहिले," मी म्हणालो.

थोड्या वेळात त्यांचे डोळे मिटले. मान एका बाजूला. आणि मग घशातून आवाज यायला लागला. घर्र... घर्र...

"घरघर लागली बे!" रमेश रडकुंडीला आला.

खरं सांगतो, इथं मला हसू येत नव्हतं. वर्षाच्या लग्नात मीच मंदाररावांचा कान पिळला होता, आणि त्यांनी हसत मान खाली केली होती माझ्यापुढे. बाजेचा मागचा पाया माझ्या खांद्यावर होता, त्यांचे बूट माझ्या कानाशी हलत होते, आणि मी शेगावकडे तोंड करून मोठ्यानं म्हणत होतो, "महाराज, पायी येतो! अनवाणी येतो! फक्त याले डोळे उघडू द्या!"

प्रत्येक शेतातून आवाज यायचा, "काय झालं?" पहिल्या शेताला आम्ही सांगितलं, काहीतरी चावलं. दुसऱ्याला बातमी गेली, साप चावला. तिसऱ्याला, नाग. गावाच्या शिवेवर पोचलो तेव्हा एक म्हातारी पदर डोळ्याला लावून म्हणत होती, "जोडी होती म्हन्ते नागाची. दोघंही डसले बापा." आमच्या आधी बातमी गावात कशी पोचते, हे मला अजून उलगडलेलं नाही.

रेंज आली तसा माझा फोन खणखणला. वर्षा. तिला कोणीतरी कळवलं होतं. "दादा, हे खरं आहे का?" एवढंच म्हणाली. मी नुसतं "दवाखान्यात ये" म्हटलं आणि बंद केला.

त्या गावातल्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बाज आत आली तशा त्या धावल्या. "काय झालं?" बाजेभोवती आठ माणसं, आठ उत्तरं. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं, नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, छाती तपासली. मग कपाळाला आठी घालून पट्टी उलगडायला लागल्या. एक वेढा, दोन वेढे, दहा वेढे. आणि हात थांबला.

"हे काय आहे?"

"सुतळी," मी म्हणालो.

"कोणी बांधली?"

आठही माणसांनी माझ्याकडे बघितलं. मामांनी तर दोन पावलं मागं सरकून बघितलं.

"नवी सुतळी हाय मॅडम," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

त्यांनी कात्री घातली. खट्! सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निळं बोट जांभळं झालं, जांभळ्याचं लाल झालं, लालाचं गुलाबी. बोटाचं नाग-विष दोन मिनिटांत उतरलं!

"गोळी कोणती दिली?"

मी पिशवी पुढं केली. त्यांनी खूण वाचली. "ॲ? म्हणजे ॲलर्जी की ॲसिडिटी?"

मी आढ्याकडे बघितलं. आत्तापर्यंत हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"घोरतायत ते बघता, ॲलर्जीचीच असावी," बाई म्हणाल्या. "या गोळीनं झोप येते. दोन दिल्यात ना?"

घोरतायत! आमच्या रमेशनं वाटभर ज्या घरघरीवर रडून घेतलं, ते घोरणं होतं!

बाईंनी बोट फिरवून दाखवलं. "ही एक खूण वरून आहे, ही एक खालून. चिमटा आहे हा. साप चिमटा काढत नाही. आणि समजा साप असता, तरी असं आवळून बांधायचं नसतं, चावलेला हात हलू द्यायचा नाही आणि सरळ दवाखान्यात आणायचं. आणखी काही तास राहिलं असतं ना, तर खेकड्यानं काही केलं नसतं, पण तुम्ही बोट घालवलं असतं."

त्यांनी मंदाररावांचा खांदा हलवला. "ऐकताय का? काय चावलं तुम्हाला?"

मंदाररावांनी एक डोळा उघडला. "खेकडा," ते म्हणाले. "मघापासून सांगतोय मी." आणि परत झोपले.

दवाखान्यात असा हशा उठला, की बाहेरच्या रांगेतले पेशंट आजार सोडून खिडकीशी आले. शालिकमामा भिंतीला टेकून हसत होते आणि मधूनच डोळे पुसत होते. तेवढ्यात वर्षा आणि मंगल रिक्षातून उतरून धावत आल्या. वर्षाचे डोळे सुजलेले. मंदारराव उठून बसले, बोटाला इवलीशी पट्टी, आणि म्हणाले, "अगं, मी तीन धरले!"

वर्षा माझ्याकडे वळली. मी समजावून सांगायला उठलो. "त्याचं असं झालं वर्षा, शास्त्र असं सांगते का..."

एवढंच आठवतं. सकाळपासून पोटात अन्न नाही, पाठीवर ते ओझं, खांद्यावर बाज, आणि वर ती भीती. पुढची फरशी एकदम जवळ आली.

डोळे उघडले तेव्हा मी खाटेवर, हाताला सलाईन. उशाशी मंदारराव बसलेले, त्याच बोटानं माझं कपाळ दाबत. पायाशी नर्सबाई केसपेपर भरत होत्या.

"नाव?"

मंदाररावांनी सांगितलं.

"काय झालं यांना?"

"खेकडा चावला," मंदारराव म्हणाले.

नर्सबाईंनी माझा एक हात पाहिला, दुसरा पाहिला, चादर वर करून पायही पाहिले. "कुठं चावला?"

"यांना नाही," मंदाररावांनी आपलं बोट पुढं केलं. "मला."

नर्सबाईंनी तसंच लिहून घेतलं. तो केसपेपर मंगलनं प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवलाय, येईल त्याला दाखवते. तक्रारीच्या रकान्यात सरकारी अक्षरात स्पष्ट लिहिलंय: रुग्णास चक्कर व अशक्तपणा. कारण, खेकडा दुसऱ्यास चावला.